तेरा ब्लाउज आणि पाव मीटर

थंडी पडली आणि पोंकाच्या गाड्या लागल्या, की सुरतेतल्या माणसांच्या तोंडाला पाणी सुटतं. कोवळ्या ज्वारीचे ते भाजलेले हिरवे दाणे, वर लिंबू-मिऱ्याची शेव. आमचे हे तर रोज संध्याकाळी येताना एक पुडा घेऊनच येतात. माझ्या मात्र कपाळाला आठ्या पडतात, कारण पोंकापाठोपाठ थर्मोकोल येतो. उधन्याच्या रस्त्यावर रिक्षांतून, स्कूटरवरून पांढरे तक्ते जाताना दिसायला लागले, की मी समजते, पाठांचा हंगाम आला. परवाच पहिला दिसला. एक मुलगी वाऱ्याशी झुंजत तो सांभाळत होती, आणि मला पाहून त्याच्याच आड लपली.

लपणार नाही तर काय? प्राथमिक शाळेच्या होणाऱ्या शिक्षिकांना मी गणित शिकवायला शिकवते. मराठी माध्यमाचं छोटंसं कॉलेज, अभ्यासक्रमाचं नाव केव्हाच बदललं, पण इथं सगळे अजून पीटीसीच म्हणतात. दुसऱ्या वर्षाच्या मुली जवळच्या पालिकेच्या शाळेत जाऊन पाठ घेतात. मी वर्गात शेवटच्या बाकावर बसते, गुडघे पोटाशी घेऊन, आणि त्यांच्या पाठाच्या वहीत लाल पेनानं शेरा लिहिते. दर हिवाळ्यात असे शंभरेक पाठ बघायचे. देवानं मला चांगलं डोकं दिलं होतं, ते असं दुखवून घ्यायला दिलं असेल असं वाटलं नव्हतं.

आता थर्मोकोलचं सांगते. जगात कुठंही अपूर्णांक शिकवताना गोल काढतात आणि त्याचे भाग करतात. आमच्या सुरतेत त्या गोलाला लेस लावतात. प्रत्येकीच्या घरी नाहीतर शेजारी साड्यांना टिकल्या चिकटवायचं, लेस लावायचं काम असतं, त्यामुळे मालाला तोटा नाही. तक्त्याच्या चारी बाजूंनी सोनेरी पट्टी, अंशावर लाल टिकल्या, छेदावर हिरव्या. वर्गात ऊन आलं की तो तक्ता असा चमकतो की पोरं डोळ्यांवर हात धरतात. आणि एवढं करून त्या गोलाचे तीन भाग कसे? तर दोन उभ्या रेघा मारून! मधला भाग भला थोरला आणि कडेचे दोन चंद्रकोरी. मी विचारलं, "हे तीन समान भाग आहेत?" तर म्हणते कशी, "मॅडम, टिकल्या मोजून लावल्यात. तिन्हीकडं वीस-वीस." कपाळ माझं!

तशीच दुसरी गंमत हातच्याची. सत्तावीस अधिक पंधरा. सात आणि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक. दरवर्षी पहिल्याच तासाला मी फळ्यावर करून विचारते, "हा एक म्हणजे किती?" चाळीस बारावी पास मुली एकमेकींकडं बघतात. एक म्हणते, "एक म्हणजे एकच ना, मॅडम?" दुसरी म्हणते, "हातात ठेवतो म्हणून हातचा." दहा आहे तो, बायांनो, दहा! बारा वर्षं शाळेत हातचे घेतले, दिले, परत केले, आणि हातात काय होतं ते कुणी मूठ उघडून पाहिलं नाही. पुढल्या वर्षी याच जाऊन दुसरीच्या पोरांना सांगणार, हातचा एक. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आणि नियम! नियम मात्र असे तोंडपाठ की झोपेतून उठवा. अपूर्णांकाचा भागाकार आला की सगळ्या एका सुरात, "उलटा करा नि गुणा." ज्यांचं सगळं शिक्षण इथं झालं त्या म्हणतात, "ऊंधा करून गुणाकार." उलटा का करायचा? पंखा फिरतो, बाहेर कापडाच्या लूमचा खडखडाट चालू असतो, आणि त्यातून एक आवाज येतो, "मॅडम, तसं केलं की उत्तर येतं."

हे सगळं मी स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं रंगवून सांगत आले. लोक हसायचे. आमचे प्राचार्य गुजराती, मोठे सज्जन, ते म्हणायचे, "जवा दो ने, बेन. चालशे." जाऊ द्या हो, चालेल. या गावात अर्ध्या अडचणी 'चालशे' म्हटलं की मिटतात, आणि उरलेल्या अर्ध्या त्यामुळेच सुरू होतात असं माझं मत होतं. मी त्या सगळ्यांच्या वरची होते ना! बीएस्सीला गणित घेऊन पहिल्या वर्गात पास झालेली, अमळनेरकडची, लग्न होऊन सुरतेत आलेली, बावीस वर्षांची नोकरी. माझ्या लाल पेनाला मुली टरकून असायच्या आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही.

दरवर्षी थंडी आली की मला त्या एका वर्षाचा हिवाळा आठवतो. त्या वर्षी दुसऱ्या वर्षाला कविता होती. वय सव्वीस, वर्गात सगळ्यांत मोठी, पदरात दोन वर्षांची लेक. राहायला नवागामला. नवरा उधन्यात लूमवर, सासू घरी ब्लाउजपीस कापायचं काम करायची. बाजारातून कापडाचे ताके यायचे, हिनं आणि सासूनं त्याचे तुकडे करून, घड्या घालून, गठ्ठे बांधून ठेवायचे. कॉलेजात यायची तेव्हा हिच्या केसांत धाग्याचे तुकडे असायचे. सासूनं बजावलं होतं, "दोन वर्षं तुनी पोर मी सांभाळसू. तिसरं वरीस मांगू नको." तेवढ्या दोन वर्षांवर सगळं बेतलेलं. मला हे ठाऊक होतं, कारण फॉर्म भरताना तिनंच सांगितलं होतं आणि मी नेहमीसारखं "बरं बरं, पुढे?" म्हटलं होतं.

आमच्याकडे रीत अशी: पाठ बिघडला तर फेरपाठ घ्यायचा. फेरपाठही बिघडला तर वार्षिक पाठाला बसता येत नाही, म्हणजे वर्ष गेलं. दुसऱ्या मुलींचं वर्ष गेलं तर घरी चार दिवस रडारड होते. कविताचं वर्ष गेलं तर तिची शाळाच संपणार होती.

तिचा अपूर्णांकाचा पाठ उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दोन दिवस आधी होता. सातवीचा वर्ग. पोरांच्या बोटांवर मांज्याच्या चिरा, डोळे खिडकीबाहेर पतंगांवर. कवितानं तक्ता आणलाच नव्हता. मी तिथंच पेन उघडला, साधन नाही म्हणून दोन गुण कमी. तिनं फळ्यावर गणित लिहिलं. दहा मीटर कापड आहे, एक ब्लाउजपीस पाऊण मीटरचा, तर किती ब्लाउजपीस निघतील? मग ती नियमाकडे वळणार, तेवढ्यात मधल्या रांगेतून एक पोरगी उभी राहिली. मंगल तिचं नाव. लाल रिबिनी, शर्टाची एक बाही उसवलेली. बाकावर वितीनं काहीतरी मोजत होती मघापासून.

"तेरा व्हतीन, टीचर. नि पाव मीटर उरी."

"कसं गं?" कवितानं विचारलं.

"तीन मीटरमा चार निंघतस. नऊ मीटरमा बारा. एक मीटर उरना, त्यामा आखो एक. मंग पाव उरी."

वर्गातल्या निम्म्या पोरांनी माना डोलावल्या. घरी आया हेच तर करतात, त्यांना त्यात नवल काय? कवितानं "शाब्बास" म्हणून फळ्यावर लिहिलं: तेरा, पाव मीटर उरलं. मग शेजारी नियमानं सोडवलं. दहा भागिले तीन छेद चार, उलटा केला, गुणलं, चाळीस छेद तीन, म्हणजे तेरा पूर्णांक एक छेद तीन. एकाच फळ्यावर दोन उत्तरं. एका ठिकाणी पाव, दुसऱ्या ठिकाणी एक तृतीयांश.

"टीचर, यातलं बरोबर कोणतं?" पुढच्या बाकावरून प्रश्न आला.

कवितानं दोन्ही उत्तरं पुन्हा पडताळून पाहिली. मग पोरांकडं वळून म्हणाली, "मंगलचं चुकलेलं नाही. आणि हेही चुकलेलं नाही. असं का होतंय ते मला आत्ता सांगता येत नाही. मी विचार करून उद्या सांगते."

आता इतक्या वर्षांनी सांगते, मी तोवरच्या बावीस वर्षांत कुठल्याही शिक्षिकेच्या तोंडून वर्गात याहून चांगलं वाक्य ऐकलं नव्हतं. पण तेव्हा माझं पित्त खवळलं. सातवीच्या वर्गापुढं उभं राहून 'मला येत नाही' म्हणते? मी वहीत लिहिलं: 'आशयात गंभीर चूक. विद्यार्थिनीचे चुकीचे उत्तर दुरुस्त केले नाही. फेरपाठ.' 'गंभीर' खाली दोन रेघा मारल्या. एवढ्यानं भागलं नाही म्हणून निघताना मंगलच्या बाकाशी थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाव नव्हे, एक तृतीयांश. नीट लिहून घे." तिनं माझ्याकडं पाहिलं. मग बोटाला थुंकी लावली आणि वहीतला पाव पुसला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत कविता स्टाफरूमच्या दारात उभी. हातात पिशवी. मला वाटलं, आता रडणार, पोरीचं, सासूचं सांगणार. मी आधीच उत्तर तयार ठेवलं होतं.

"मॅडम, फेरपाठाबद्दल माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "फक्त ती पोरगी चुकली कुठं, तेवढं सांगा."

"अगं, उत्तर तेरा पूर्णांक एक तृतीयांश येतं. ती पाव म्हणते. यात सांगायचं काय?"

तिनं पिशवीतून कापड काढलं. जांभळं, नवं, खळीचा तो घशात बसणारा वास असलेलं. माझ्या टेबलावरचा चहाचा कप बाजूला सरकवून तिनं ते पसरलं आणि मोजपट्टी माझ्या हातात दिली. "दहा मीटर आहे. रात्रीच मोजून आणलंय." मग पाऊण-पाऊण मीटरवर घडी घालत गेली. कापलं नाही, नुसत्या घड्या. एक, दोन, तीन. इतिहासाच्या बाई डबा थांबवून बघायला लागल्या. तेरा घड्या झाल्या आणि शेवटाला एक पट्टी लोंबत राहिली.

"मोजा, मॅडम."

मी मोजली. पंचवीस सेंटिमीटर. पुन्हा मोजली, मोजपट्टीच उलटी धरून. पंचवीसच.

"हा पाव मीटर ना?"

"हो, पण..." मी म्हटलं. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. नियम चुकणं शक्य नाही आणि मोजपट्टी खोटं बोलत नाही. मी ती लोंबती पट्टी उचलून एका घडीवर ठेवली, कशासाठी ते मलाही कळलं नाही, उगीच हाताला चाळा. पट्टी त्या घडीचा बरोबर तिसरा हिस्सा झाकत होती.

"अगं बाई!" मी म्हटलं.

"काय झालं, मॅडम?"

पाव मीटर, पण एक तृतीयांश ब्लाउज. एकच चिंधी. कापडाच्या मापानं मोजली तर पाव, ब्लाउजच्या मापानं मोजली तर एक तृतीयांश. नियमाचं उत्तर ब्लाउजमध्ये येतं, मंगलनं उरलेलं मीटरमध्ये सांगितलं होतं. दोघंही बरोबर. पोरगी तर नियमापेक्षा शहाणी, कारण एक तृतीयांश ब्लाउज जगात कुणी घालत नाही. कवितानं ते ऐकलं, एकदा पट्टी स्वतः ठेवून पाहिली आणि लहान मुलीसारखी हसली. मला हसू आलं नाही. मला गणित येत होतं, पहिल्या वर्गात येत होतं. भागाकारानं आलेलं उत्तर कशाचं असतं, हे मात्र मी बावीस वर्षांत एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. उलटा करा नि गुणा हे या मुलींना शिकवलं कुणी? त्यांच्या शिक्षिकांनी. आणि त्या शिक्षिकांना?

इथं मी चटकन वही मागून घेऊन शेरा खोडला असता तर ही गोष्ट किती छान झाली असती. तसं झालं नाही. शेऱ्यांचा तक्ता प्राचार्यांकडं गेला होता. मी गेले, कसंबसं सांगितलं. ते म्हणाले, "बेन, तुम्ही तुमच्याच सहीवर चूक लिहिणार? जवा दो ने. फेरपाठ घेऊ द्या तिला, तुम्ही चांगले गुण द्या. चालशे." आणि ज्या शब्दावर मी जन्मभर नाक मुरडलं, तो मी त्या दिवशी निमूट गिळला. चूक माझी आणि फेरपाठ तिचा. मी ते कविताला सांगितलं, तशी तिनं कापडाची घडी करून पिशवीत घातली, सासूला परत द्यायचं होतं.

फेरपाठ त्याच वर्गात झाला. पतंग संपले होते, तारांवर फाटके लटकत होते. कवितानं तेच कापड आणलं, चार पोरांना टोकं धरायला लावली, आणि ती पट्टी एकदा मीटरपट्टीवर, एकदा घडीवर ठेवून दाखवली. 'हां...' असा एक लांबलचक आवाज सगळ्या वर्गातून निघाला. तो आवाज ऐकायला मी या नोकरीत आले होते, हे मी विसरून गेले होते. मग कविता म्हणाली, "मंगल, त्या दिवशी तुझं बरोबर होतं." आणि थांबली. माझ्याकडं पाहिलं नाही, पण थांबली.

मी उठले. त्या बाकातून उठणंही सोपं नाही, साडी अडकते. म्हटलं, "मंगल, चूक मी केली होती. तू पाव म्हणालीस ते बरोबर होतं."

"हां टीचर, ते माले ठाऊक व्हतं," ती म्हणाली, अगदी शांतपणे. "पन पेपरमा काय लिखू?"

आता बोला! वर्ग माझ्याकडं वळून बघत होता. मी म्हटलं, "किती ब्लाउजपीस निघतील असं विचारलंय ना? मग तेरा लिही, पाव मीटर उरेल असं लिही. आणि कुणी चूक दिली, तर पेपर घेऊन माझ्याकडे ये." हे म्हणताना मला फार बरं वाटलं. कविताला मी चांगले गुण दिले, ती वार्षिक पाठाला बसली, पास झाली. आता ती पर्वत पाटियाकडच्या एका शाळेत शिकवते, तिच्या वर्गात थर्मोकोल नाही, चिंध्या आहेत. पण तिच्या त्या वहीतला माझा लाल शेरा तसाच राहिला होता. दोन रेघांसकट.

त्याच वर्षीचा एप्रिल आला. पोंक कधीचा संपला, गिरण्यांच्या रंगाचा वास उन्हात आणखी उग्र झाला. वर्षअखेरीच्या सह्यांसाठी पाठांच्या वह्या माझ्याकडं जमा झाल्या होत्या, त्या पिशवीत भरून मी घरी निघाले होते. कॉलेजच्या फाटकाशी मंगल उभी. रिबिनी त्याच. हातात घामानं ओला झालेला पेपर.

"टीचर, तुमीच म्हनी व्हत्या, पेपर लई ये."

गणित जवळपास तेच होतं. तिनं लिहिलं होतं: तेरा ब्लाउजपीस, पाव मीटर उरेल. त्यावर लाल फुली. बाजूला व्यवस्थित अक्षरात, 'तेरा पूर्णांक एक छेद तीन. नीट करा.' माझा पारा चढला. म्हटलं, चल, दाखवतेच तुझ्या टीचरला. कोण समजते कोण स्वतःला? मंगल पुढं, मी मागं, पायाखाली डांबर चिकटतंय, आणि मी मनातल्या मनात भाषण जुळवतेय. आजकालच्या या शिक्षिका, यांना विचार करायला नको, नुसती फुली मारायला हवी.

सातवीच्या वर्गात टेबलाशी पेपरांचा ढीग घेऊन जी बसली होती, ती मला बघून धडपडत उठली. चेहरा उजळला. वाकून माझ्या पाया पडली.

"मॅडम, तुम्ही! मी सुनीता. नऊ वर्षांपूर्वीची, तुमच्याच हाताखालची. गेल्याच महिन्यात इथं बदलून आले."

मी पेपर तिच्यापुढं धरला. तिनं फुली पाहिली, मंगलकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिला खरोखरच कळत नव्हतं, काय बिघडलंय.

"बरोबरच मार्क कापलेत ना, मॅडम?" ती म्हणाली. "तुम्हीच तर शिकवलंय. उलटा करा नि गुणा."

आपलेच दात, आपलेच ओठ. लूमचा आवाज येत होता. मंगल दोघींकडं आळीपाळीनं बघत उभी होती, काय होतंय ते बघायला.

मी सुनीताच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. पिशवीतून वह्या काढल्या, त्यातून कविताची शोधली, जानेवारीतलं ते पान उघडलं. मग सुनीताच्या हातातला लाल पेन मागून घेतला आणि आधी माझ्या शेऱ्यावर फुली मारली.

"आता तो पेपर दे इकडं," मी म्हटलं, "आणि वर्गात कुणाकडं मोजपट्टी आहे का, बघ."